रेडक्रॉसचा जन्म

सन १८५९ च्या जून महिन्याची २४ तारीख. इटलीतील सोल्फेरिनो गावाजवळ एका बाजूस फ्रान्स व सार्डिनिया आणि दुसऱ्या बाजूस ऑस्ट्रिया यांच्या सैन्यांत घनघोर लढाई झाली. तोफा थंडावल्या; परंतु हजारो जखमी सैनिक पाण्यावाचून तळमळत पडले होते. कामानिमित्त तेथे आलेल्या हेन्री ड्युनंट या स्विस व्यापाऱ्याचे अंतःकरण ते दृश्य पाहून द्रवले. जवळच्या गावातील स्त्रियांच्या साहाय्याने त्याने चर्चमध्ये जखमींची शुश्रूषा आरंभिली. हा आपला, तो शत्रूचा, असा भेद त्यांनी केला नाही.

पुढे १८६२ मध्ये पुस्तक लिहून त्याने जगाला विचारले, की अशी सेवापथके शांततेच्या काळातच का सिद्ध करू नयेत? त्या विचारातून १८६३ मध्ये जिनीव्हा येथे पाच जणांची समिती स्थापन झाली. हीच रेडक्रॉसची सुरुवात होय. १८६४ मध्ये बारा राष्ट्रांनी करार केला, की जखमी कोणत्याही पक्षाचा असो, त्याची शुश्रूषा व्हावी आणि शुश्रूषा करणाऱ्यांवर कोणी शस्त्र उगारू नये. पांढऱ्या वस्त्रावरील तांबडा क्रॉस ही त्यांची खूण ठरली.

ड्युनंटला पुढे दारिद्र्य भोगावे लागले. तथापि १९०१ मध्ये शांततेचे पहिले नोबेल पारितोषिक त्याला विभागून मिळाले. घायाळ होऊन पडलेला मनुष्य कोणाचाही शत्रू नसतो, हे त्याने जगाला शिकविले.