दारू न पिताही फॅटी लिव्हर? मानसिक ताणाचा संबंध काय?

पोटाची सोनोग्राफी भलत्याच कारणासाठी केलेली असते आणि रिपोर्टमध्ये लिहून येतं, 'ग्रेड 1 फॅटी लिव्हर'. दारूला कधी न शिवलेल्या माणसाकडेही मग घरचे संशयाने बघू लागतात. बहुतेक वेळा हा संशय चुकीचा असतो. यकृतात 5 टक्क्यांहून जास्त चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. वाढलेलं वजन आणि मधुमेह ही त्याची नेहमीची कारणं. ताणाचं नाव मात्र क्वचितच निघतं.

ताण आला की मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल सोडतात. कॉर्टिसोलमुळे यकृत रक्तात साखर सोडतं. अंगावर कुत्रा धावून आला तर ही साखर पळताना कामी येते. पण कर्जाचा हप्ता किंवा रात्री 11 वाजता आलेला बॉसचा मेसेज, यापासून पळणार कुठे? साखर खर्च होत नाही, इन्सुलिन वाढतं आणि शरीर हळूहळू इन्सुलिनला दाद देईनासं होतं. पोटाच्या आत चरबी साठते आणि तिच्यातली फॅटी ॲसिड्स थेट यकृतात पोहोचतात.

कुशिंग सिंड्रोममध्ये कॉर्टिसोल प्रमाणाबाहेर वाढतं. या रुग्णांमध्ये सुटलेलं पोट, मधुमेह आणि फॅटी लिव्हर अनेकदा एकत्र आढळतात. रोजच्या ताणाने कॉर्टिसोल एवढं वाढत नाही, हेही खरं.

शिवाय ताणामुळे झोप उडते, चालणं बंद होतं, रात्री उशिरा फरसाणाचा डबा उघडला जातो. यकृताचं जास्त नुकसान बहुधा इथेच होतं.

मग ताणामुळेच आजार होतो का? तसं सिद्ध झालेलं नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधल्या 1 लाख 66 हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात जास्त मानसिक त्रास असलेल्यांमध्ये यकृताच्या आजाराने मृत्यूचं प्रमाण अधिक दिसलं. दारू आणि वजन हिशेबात धरूनही फरक उरला. पण संबंध दिसणं आणि कारण सापडणं, या वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यामुळे नुसत्या ध्यानाने यकृत साफ होईल, असे रील्स पाहून औषधं बंद करू नयेत. वजन जास्त असेल तर ते 7 ते 10 टक्क्यांनी उतरवल्यावर यकृताची सूज कमी होऊ शकते. मात्र ज्याला झोपच लागत नाही, त्याला डाएट चार्ट पाळणं जड जातं. म्हणून डॉक्टरांना एसजीपीटीचा आकडा दाखवताना झोप आणि ताणाबद्दलही सांगावं.