बॉस्टनला शिक्षा, वसाहतींची एकजूट

६ सप्टेंबर १७७४. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीतलं वुस्टर हे तेव्हा एक छोटं गाव होतं. त्या सकाळी आसपासच्या ३७ गावांतून माणसं तिथे जमली. कुणीतरी डोकी मोजली, ती ४,६२२ भरली. बहुतेक सगळे शेतकरी आणि कारागीर, आपापल्या गावच्या शिबंदीबरोबर आलेले. त्यांनी न्यायालयाची इमारत अडवली. न्यायाधीश आणि त्यांचे अधिकारी जवळच्या एका खानावळीत अडकले. अखेर त्यांना डोक्यावरच्या टोप्या हातात घेऊन, दुतर्फा उभ्या असलेल्या या माणसांमधून चालावं लागलं. नव्या कायद्याखाली आपण काम करणार नाही, हे वाटेत तीसहून अधिक वेळा वाचून दाखवावं लागलं. गोळी एकही सुटली नाही. ज्या लेक्झिंग्टनच्या चकमकीपासून अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध मोजतात, तिला अजून सात महिने अवकाश होता. पण वुस्टर परगण्यात इंग्लंडच्या राजाचा अंमल त्या दिवशीच उठला.

चहावरच्या करामुळे अमेरिका पेटली, असं आपण शाळेत शिकतो. हा कर होता पौंडामागे ३ पेन्स. तेवढ्यासाठी साडेचार हजार माणसं सुगीच्या दिवसांत शेत सोडून येत नाहीत. त्यांचा संताप समजायचा तर करांपासून शिक्षेपर्यंतचा सगळा प्रवास पाहावा लागतो.

सुरुवात मात्र पैशांपासूनच झाली. १७६३ मध्ये सात वर्षांचं युद्ध संपलं. ब्रिटनने फ्रान्सकडून कॅनडा जिंकला, पण सरकारी कर्ज जवळपास दुप्पट झालं. शिवाय अमेरिकेत सुमारे दहा हजार सैनिक कायम ठेवायचे ठरले होते. त्यांच्या खर्चाचा काही वाटा वसाहतींनी उचलावा, हे लंडनला साहजिक वाटलं. इंग्लंडमधला सामान्य माणूस वसाहतीतल्या माणसापेक्षा कितीतरी अधिक कर भरत होता, हेही खरंच होतं. ब्रिटिश मंत्र्यांची बाजू अगदीच लंगडी नव्हती, हे मान्य करायला हवं.

मग १७६५ चा मुद्रांक कायदा आला. खरेदीखत, मृत्युपत्र, परवाना, वर्तमानपत्र, पंचांग, अगदी पत्त्यांचा जोड आणि फासेसुद्धा सरकारी शिक्क्याच्या कागदाशिवाय चालणार नव्हते. वकील, छापखानेवाले, व्यापारी आणि खानावळवाले, म्हणजे ज्यांच्या बोलण्या-लिहिण्यावर गावाचं मत ठरतं, तेच लोक एका फटक्यात दुखावले. त्यातून कायदा मोडणाऱ्यावरचा खटला पंचांसमोर नव्हे, तर पंच नसलेल्या आरमारी न्यायालयातही चालवण्याची सोय केलेली. वसाहतींचा मुद्दा सरळ होता: पार्लमेंटमध्ये आमचा एकही प्रतिनिधी नाही, तेव्हा आमच्यावर कर बसवण्याचा हक्क फक्त आमच्या विधिमंडळांना. बॉस्टनमध्ये मुद्रांक अधिकाऱ्याच्या पुतळ्याला फाशी दिली गेली, पुढे जमावाने उपगव्हर्नर टॉमस हचिन्सन यांचं घर फोडलं. ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला एकत्र बसले. ब्रिटिश मालावर बहिष्कार पडला, तशी लंडनच्या व्यापाऱ्यांनीच ओरड केली आणि मार्च १७६६ मध्ये कायदा मागे घेतला गेला. मात्र त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा कायदा करून ठेवला. वसाहतींना कोणत्याही बाबतीत बांधतील असे कायदे करण्याचा पूर्ण अधिकार आपल्याला आहे, असं त्यात बजावलं होतं. पुढच्या दहा वर्षांच्या भांडणाचं बी या घोषणेत होतं.

१७६७ मध्ये काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांच्यावर जकात बसली. पुन्हा बहिष्कार, पुन्हा माघार. मधल्या काळात बॉस्टनमध्ये फौज उतरली होती आणि ५ मार्च १७७० च्या रात्री सैनिकांच्या गोळीबारात पाच माणसं मेली. बाकीच्या जकाती उठल्या. चहावरची मुद्दाम ठेवली, हक्क सोडलेला नाही हे दिसावं म्हणून.

इथे या कथेचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. १७६५ मध्येच ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, मिळाली होती. १७७० च्या दुष्काळात तिथे लाखो लोक अन्नावाचून मेले, पण कंपनीने शेतसाऱ्याचा तगादा सोडला नाही. तरीही १७७२ पर्यंत कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली. लंडनच्या गोदामांत कोट्यवधी पौंड वजनाचा चिनी चहा पडून होता. कंपनीला वाचवण्यासाठी सरकारने कर्ज दिलं आणि मे १७७३ मध्ये चहाचा कायदा केला. आता कंपनी आपला माल थेट अमेरिकेत, स्वतः नेमलेल्या अडत्यांकडे पाठवू शकणार होती. इंग्लंडमधली जकात परत मिळणार असल्याने हा चहा चोरट्या डच चहापेक्षाही स्वस्त पडणार होता.

स्वस्त चहाला विरोध का, हे लंडनला उमगेना. वसाहतींच्या दृष्टीने मात्र हा चहा विकत घेणं म्हणजे कर मान्य करणं होतं. त्यात इतर व्यापारी बाजूला पडत होते. बॉस्टनच्या अडत्यांत गव्हर्नर झालेल्या हचिन्सन यांचे दोन मुलगे होते. आणि कंपनीने बंगालमध्ये काय केलं, हे अमेरिकेत ठाऊक होतं. पेनसिल्वेनियाचे वकील जॉन डिकिन्सन यांनी १७७३ च्या अखेरीस टोपणनावाने लिहिलेल्या पत्रात आशियातल्या कंपनीच्या लुटीचा आणि दुष्काळबळींचा दाखला देऊन आपल्या लोकांना सावध केलं. बंगालच्या भुकेचा दाखला तेव्हा अमेरिकेत दिला गेला, ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतही यायला हवी.

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टन बंदरात तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून सुमारे ४२ टन चहा समुद्रात लोटला गेला. इथपर्यंत प्रकरण मिटण्यासारखं होतं. खासगी मालमत्तेची ही नासधूस अनेक वसाहतवाल्यांनाही पटली नव्हती. बेंजामिन फ्रँकलिन यांचं तर मत होतं की नुकसान भरून द्यावं.

पण पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांच्या सरकारला वसुलीपेक्षा धडा शिकवणं महत्त्वाचं वाटलं. १७७४ मध्ये एकामागून एक कायदे झाले. पहिल्याने भरपाई मिळेपर्यंत १ जूनपासून बॉस्टन बंदर बंद केलं. चहा टाकला काही डझन माणसांनी, पण गोदीतले हमाल, खलाशी, दोर वळणारे कारागीर असे सगळेच बेकार झाले. दुसऱ्या कायद्याने मॅसॅच्युसेट्सची सनदच बदलली. निवडून येणारं वरिष्ठ मंडळ आता राजा नेमणार, न्यायाधीशांना ठेवणं-काढणं गव्हर्नरच्या हाती, पंचांची निवड गावांऐवजी शेरीफकडे, आणि गव्हर्नरच्या परवानगीशिवाय गावसभा वर्षातून एकदाच. तिसऱ्यामुळे दंगल मोडताना कुणाला मारल्याचा आरोप असलेल्या अधिकाऱ्याचा खटला इंग्लंडला हलवता येणार होता. चौथा कायदा फौजेच्या निवाऱ्याचा.

वुस्टरचे शेतकरी कशाने उठले, ते इथे कळतं. बंदरापासून चाळीस मैल आत राहणाऱ्या माणसाला चहाच्या पेट्यांचं फारसं देणंघेणं नव्हतं. गावसभा मात्र त्याची स्वतःची होती. रस्ता कुठून न्यायचा, शाळेला किती पैसे द्यायचे, पंच म्हणून कुणाला पाठवायचं हे तो तिथे हात वर करून ठरवत होता. कर्ज थकलं तर त्याची जमीन ज्या न्यायालयात जाणार, ते आता गव्हर्नरच्या मर्जीतल्या माणसांचं होणार होतं.

बॉस्टन एकटं पडेल, हा लंडनचा अंदाजही चुकला. दक्षिण कॅरोलिनातून तांदूळ आला, कनेक्टिकटमधून मेंढ्या. ज्या मार्बलहेड बंदराला बॉस्टनचा धंदा आयता मिळत होता, तिथल्या व्यापाऱ्यांनी आपले धक्के बॉस्टनकरांना वापरायला देऊ केले. सप्टेंबरात बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले आणि १ डिसेंबरपासून ब्रिटिश मालाची आयात थांबवायचं ठरलं.

स्वातंत्र्य मागणाऱ्या या समाजात गुलाम होते, हे विसरून चालणार नाही. जानेवारी १७७३ मध्येच मॅसॅच्युसेट्सच्या गुलामांनी गव्हर्नर आणि विधिमंडळाकडे सुटकेसाठी अर्ज केला होता. त्याला दाद मिळाली नाही.

१७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढून पाहिला तर राजाविरुद्धच्या सुमारे सत्तावीस तक्रारींत संमतीविना कर लादल्याची तक्रार एकच आहे. सनद बदलणं, व्यापार तोडणं, सैनिकांना खटल्यातून वाचवणं, फौज लोकांवर लादणं या १७७४ च्या जखमा मात्र एकेक करून नोंदल्या आहेत.

१७७८ मध्ये, युद्ध हाताबाहेर जात असताना, पार्लमेंटने महसुलासाठी वसाहतींवर कर न लावण्याचा कायदा केला आणि मॅसॅच्युसेट्सची सनद बदलणारा कायदाही रद्द केला. तोवर फार उशीर झाला होता. तडजोडीला आलेल्या ब्रिटिश शिष्टमंडळाला काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, सांगितलं की आधी स्वातंत्र्य मान्य करा, नाहीतर फौजा माघारी न्या. शिष्टमंडळ रिकाम्या हाताने परतलं.