हंताविषाणू : फुप्फुस आणि हृदयावरील दुहेरी आघात

१९९३ च्या मे महिन्यात अमेरिकेतील न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि युटा ही राज्ये जेथे एकमेकांना भिडतात, त्या प्रदेशात धडधाकट तरुण माणसे एकाएकी धाप लागून दगावू लागली. काही आठवड्यांतच कारण उलगडले. तो हंताविषाणू होता आणि त्याचा वाहक होता ‘डिअर माऊस’ नावाचा इवलासा रानउंदीर. विषाणूचे नाव ठेवले गेले ‘सिन नोंब्रे’, म्हणजे स्पॅनिश भाषेत ‘निनावी’.

उंदराच्या मलमूत्राने दूषित झालेली धूळ श्वासावाटे आत गेली की एक ते आठ आठवड्यांनी ताप येतो. मांड्या, कंबर व पाठ दुखू लागते. हा साधा फ्लूच वाटतो. काही दिवसांनी मात्र खोकला व धाप सुरू होते आणि पुढचा प्रवास तासांत मोजावा लागतो.

हा विषाणू फुप्फुसांतील केशवाहिन्यांच्या अस्तरात वस्ती करतो. त्याच्याशी झुंजणाऱ्या रोगप्रतिकारशक्तीच्या उद्रेकाने त्या वाहिन्या झिरपू लागतात. रक्तातील द्रव वायुकोशांत उतरतो. रुग्ण जणू स्वतःच्याच शरीरातील पाण्यात बुडतो. त्याच वेळी हृदयाचे स्नायू दुबळे होतात, रक्तदाब कोसळतो. गंभीर रुग्णांचा अंत पुष्कळदा श्वासापेक्षा हृदय थकल्याने होतो.

वैद्यांपुढील पेच येथेच आहे. रक्तदाब सावरण्यासाठी सलाईन अधिक दिले, तर तेच फुप्फुसांत झिरपते. म्हणून द्रव बेताने देऊन हृदयाला बळ देणारी औषधे लवकर सुरू करतात. अतिगंभीर रुग्णाच्या हृदय-फुप्फुसांचे काम काही दिवस ‘एक्मो’ यंत्र करते. विषाणूवर खात्रीचे औषध नाही. श्वसनाची लक्षणे दिसलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक रुग्ण दगावतात. परंतु तेवढे दिवस तग धरला, तर झिरपणे थांबते आणि रुग्ण झपाट्याने सावरतो.

तो रानउंदीर भारतात नाही. तथापि लेप्टोस्पायरोसिससारखे उंदरांमुळे पसरणारे रोग येथेही आहेत. म्हणून दीर्घकाळ बंद असलेले गोदाम उघडल्यावर अर्धा तास वारा खेळू द्यावा. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. हातमोजे घालून, जंतुनाशक पाण्याने भिजवून पुसाव्यात. फटी बुजवाव्यात, धान्य झाकून ठेवावे. उंदराला आत येऊच न देणे हा जीवहानीविना होणारा पहिला उपाय. आणि अशा साफसफाईनंतर ताप आला, तर ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.