गुणसूत्रांना जोडून ठेवणारे कडे

अर्चना शर्मा यांचा जन्म १९३२ साली पुण्यात झाला. त्यांची कर्मभूमी मात्र कलकत्ता, म्हणजे आजचे कोलकाता, ही ठरली. तेथील विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात त्यांनी व त्यांचे पती अरुणकुमार शर्मा यांनी पेशीतील गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली सुटी व स्पष्ट दिसावीत म्हणून अनेक रीती बसविल्या. त्या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९६५ साली निघाला. अशा रीतींनी रंगविलेली, विभाजनास सिद्ध झालेली पेशी पाहिली की प्रत्येक गुणसूत्र दुहेरी असल्याचे दिसते. ही दोन भगिनीसूत्रे एकमेकींना धरून कशी राहतात?

याचे उत्तर १९९७ साली किण्व या क्षुद्र जीवावरील संशोधनातून मिळू लागले. दोन्ही सूत्रांना वेढा घालणारे एक कडे असते. त्या प्रथिनाचे नाव कोहेसिन. एसएमसी-१ व एसएमसी-३ या त्याच्या दोन लांब भुजा असून रॅड-२१ हे तिसरे प्रथिन फासकीप्रमाणे कडे बंद करते. मनुष्यात या फासकीचे जनुक आठव्या गुणसूत्रावर आहे. सर्व गुणसूत्रे तर्कूच्या धाग्यांना नीट जोडली गेली की सेपरेज नावाचे विकर ही फासकी कापते आणि भगिनी दोन दिशांना जातात. फासकी अकाली सुटली तर वाटणी चुकते: एका पेशीत एक गुणसूत्र अधिक, दुसरीत एक उणे.

स्त्रीबीजात ही जबाबदारी फार दीर्घकाळ निभवावी लागते. तेथे रॅड-२१ ऐवजी मुख्यत्वे रेक-८ हे प्रथिन फासकीचे काम करते. मुलगी जन्मण्यापूर्वीच तिच्या बीजपेशींत आईकडून व बापाकडून आलेली समजात गुणसूत्रे जोडीने येतात आणि आपले काही तुकडे परस्परांत बदलतात. जेथे हा अदलाबदल होतो, त्याच्या पलीकडील कडी दोघांना एकत्र ठेवतात. मग पेशी तशीच वर्षानुवर्षे थांबून राहते. उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले की या काळात जुन्या कड्यांच्या जागी नवी कडी जवळजवळ घातली जात नाहीत. तिशी-चाळिशीतील मातेच्या बीजातील कडी तिच्याच वयाची असतात, म्हणा ना!

एकविसावे गुणसूत्र तिप्पट झाले की मूल डाउन-विकाराचे होते, हे १९५९ सालापासून ज्ञात आहे. कोलकात्याचे सुजय घोष, सुब्रतकुमार डे व त्यांचे अमेरिकी सहकारी यांनी २००९ साली भारतीय कुटुंबांतील अशा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अधिकचे गुणसूत्र मातेकडून आलेले असताना, विशेषतः तरुण मातांच्या बाबतीत, अदलाबदल मुळीच झालेला नव्हता किंवा अगदी टोकाला झालेला होता, असे त्यांना दिसले. टोकापलीकडे कडी ती किती उरणार?

आपल्याकडे असे मूल झाले की घरची वडीलधारी मंडळी सुनेला विचारतात: ग्रहणात विळी हाती धरली होतीस का? ज्या अदलाबदलाची ही गोष्ट आहे तो ती स्वतः आपल्या आईच्या उदरात असतानाच उरकलेला होता.