सुताराच्या ढोलीपासून ट्रोगनपर्यंत

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, टूसॉन शहराहून निघणारी पक्षीनिरीक्षणाची फेरी मे महिन्यात उजाडण्याआधीच सुरू होते. वाळवंटात ऊन तापले की पक्षी झुडपांच्या सावलीत गप्प बसतात. म्हणून वाटाड्या आधी वाळवंट दाखवतो आणि उन्हे चढली की गाडी डोंगराकडे वळवतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७३० मीटरवर, तर दक्षिणेच्या सांता रीटा डोंगरातले माउंट राइटसन २,८८१ मीटरवर. हजार मीटर चढले की तापमान साधारण सहा अंशांनी उतरते. त्यामुळे खाली निवडुंग, मध्ये ओक, वर पाइन, आणि प्रत्येक थरातले पक्षी निराळे.

वाळवंटात नजर आधी सग्वारो निवडुंगाकडे जाऊ द्यावी. गिला सुतार त्याच्या रसाळ खोडात ढोली कोरतो, पण लगेच तिथे राहायला जात नाही. निवडुंग आपली जखम बुजवायला आतून टणक कवच धरतो. ते वाळायला काही महिने लागतात, तेव्हा कुठे घर राहण्याजोगे होते. सुताराने सोडलेल्या अशा ढोलीत पुढे एल्फ घुबड बिऱ्हाड करते. जेमतेम ४० ग्रॅमचे हे जगातले सर्वांत हलके घुबड. मला तर या वाळवंटाची सगळी कमाल त्या एका ढोलीत दिसते.

मग डोंगरातले मडेरा कॅन्यन. इथे ओढ्याकाठी पांढुरक्या सालीचे सायकमोर वृक्ष आहेत आणि सगळ्यांना पाहायचा असतो तो एलिगंट ट्रोगन. आंबोलीत, गोव्यात दिसणाऱ्या मलबार ट्रोगनचा हा भाऊबंद. नराचे पोट लालभडक, तरी तो सहज दिसत नाही. फांदीवर ताठ, निश्चल बसतो आणि हिरवी पाठ आपल्याकडे असली की पानांत मिसळून जातो. म्हणून वाटाड्या डोळ्यांआधी कान वापरतो. घोगरा, एकसुरी आवाज आला की थांबायचे, बोलणे बंद करायचे आणि मधल्या उंचीच्या फांद्या सावकाश न्याहाळायच्या. त्याचे घरटेही सायकमोरमधल्या सुताराच्या जुन्या ढोलीत असते.

या पक्ष्याचा मुख्य मुलूख मेक्सिको आणि मध्य अमेरिका. इथे त्याची उत्तरेकडची हद्द संपते, त्यामुळे विणीच्या जोड्या थोड्याच. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवला, तर प्रतिस्पर्धी आला असे समजून नर घरटे सोडून धावून येतो. फोटो मिळतो, पण पिलांना भरवण्याचा वेळ वाया जातो. तेव्हा फेरी ठरवण्याआधी वाटाड्याला एवढे जरूर विचारा, की तुम्ही रेकॉर्डिंग वाजवता का? ‘नाही’ म्हणणाऱ्याबरोबरच जा.