होमस्कूलिंगचे ग्रुप फुटतात तेव्हा नेमकं काय हरवतं?

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवणं म्हणजे होमस्कूलिंग. असं करणारी कुटुंबं आपल्याकडे फार थोडी आणि एकमेकांपासून लांब लांब राहणारी. त्यामुळे त्यांची शेजारपाजारची बैठक भरते ती फोनमध्येच. ती व्हॉट्सअ‍ॅपवर असते, टेलिग्रामवर असते, नाहीतर फेसबुकवर. आणि जिथे असे ग्रुप आहेत तिथे त्यांच्यातली चुरसही आहे. एका ग्रुपचे दोन होतात, दोनाचे तीन होतात, आणि मग "त्यांच्या ग्रुपची लिंक इथे टाकू नये" असा नियम लागतो.

हे वाचून वाटेल की माणसं भांडली म्हणून ग्रुप फुटला, यात टेक्नॉलॉजीचा काय संबंध? संबंध आहे. भांडण माणसांचं असतं हे खरं, पण फुटल्यावर नुकसान किती होणार हे बऱ्याच अंशी अ‍ॅपची रचना ठरवते. आज आपण तेच समजून घेऊया.

भांडण कशावरून होतं?

मी पाहिलेल्या ग्रुपमध्ये साधारण तीन मुद्द्यांवर ठिणगी पडते.

पहिला मुद्दा पद्धतीचा. काही पालक घरी शाळेसारखंच वेळापत्रक ठेवतात: सकाळी गणित, दुपारी इंग्रजी. दुसरे म्हणतात, मग शाळा काय वाईट होती? मुलाला जे आवडेल त्यातून शिकू द्या. या दुसऱ्या विचाराला 'अनस्कूलिंग' म्हणतात. अमेरिकन शिक्षक जॉन होल्ट यांनी १९७७ मध्ये 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' हे नियतकालिक सुरू केलं, तेव्हापासून हा शब्द रुळला.

दुसरा मुद्दा कायद्याचा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. ६ ते १४ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे, असं त्याचं कलम १० म्हणतं. पण हे कर्तव्य पाळलं नाही तर पालकाला अमुक शिक्षा, असं त्या कायद्यात कुठेही नाही. होमस्कूलिंगचं तर नावही नाही. त्यामुळे एक ग्रुप म्हणतो "बेकायदेशीर आहे, जपून", दुसरा म्हणतो "बिनधास्त करा". दोघांच्या हातात कायद्याचा अर्धा अर्धा तुकडा असतो.

तिसरा मुद्दा सर्टिफिकेटचा, आणि खरी आग इथेच लागते. मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण घ्या. तिने शाळा सोडून घरी अभ्यास केला, आंतरराष्ट्रीय प्रोग्रामिंग ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये तिला अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. ही बातमी तेव्हा सगळीकडे गाजली. अनस्कूलिंगवाले सांगतात, "बघा, बारावीशिवाय एमआयटी!" दुसरी बाजू तीच बातमी दाखवून सांगते, "बघा, बारावी नव्हती म्हणून आयआयटीचं दार बंद होतं." गंमत म्हणजे दोन्ही वाक्यं खरी आहेत.

म्हणजे हे वाद पोकळ नाहीत. मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे, माणसं चिडणारच. प्रश्न आहे तो चिडल्यानंतर काय होतं याचा.

जुन्या इंटरनेटवर काय व्हायचं?

होमस्कूलिंगवाल्यांची ऑनलाइन फाटाफूट व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा खूप जुनी आहे. वेबसाइट्सचा सुळसुळाट होण्याआधी 'युजनेट' नावाचं चर्चेचं जाळं होतं. अमेरिकेत होमस्कूलिंग करणाऱ्यांत धार्मिक कारणाने करणारे बरेच आणि इतर कारणांनी करणारेही बरेच. युजनेटवर त्यांच्या दोन वेगळ्या चावड्या होत्या. एकीचं नाव 'मिस्क डॉट एज्युकेशन डॉट होम-स्कूल डॉट ख्रिश्चन', दुसरीच्या शेवटी 'ख्रिश्चन'च्या जागी नुसतं 'मिस्क', म्हणजे किरकोळ, सर्वांसाठी.

पण तिथली रचना बघा. युजनेटच्या मुख्य विभागांत नवा ग्रुप काढायचा तर आधी प्रस्ताव मांडायचा, त्यावर जाहीर चर्चा व्हायची आणि मग मतदान. विरोधी मतांपेक्षा बाजूची मतं किमान १०० ने जास्त हवीत आणि एकूण मतांच्या दोन तृतीयांश हवीत, असा नियम होता. म्हणजे वेगळं व्हायलाही महिना-दोन महिने जायचे, आणि तोवर डोकी थंड व्हायची.

दुसरं म्हणजे एकच संदेश दोन्ही ग्रुपमध्ये टाकता यायचा. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: जुने संदेश बाहेरच्या माणसालाही वाचता यायचे. युजनेटचा १९८१ पासूनचा साठा पुढे गूगलने २००१ च्या सुमारास शोधण्यासाठी खुला केला.

त्यानंतर आले याहू ग्रुप्स. तिथे ग्रुप काढणं सोपं झालं, पण सगळा साठा एका कंपनीच्या हातात गेला. २०१९ च्या शेवटी कंपनीने जुना मजकूर काढून टाकायला सुरुवात केली आणि १५ डिसेंबर २०२० ला सेवाच बंद केली. ज्यांनी आधीच उतरवून घेतलं होतं त्यांचं वाचलं, बाकीच्यांचं गेलं.

आणि आज? व्हॉट्सअ‍ॅपवर नवा ग्रुप काढायला अर्धा मिनिट पुरतं. रागाच्या भरात निघतो आणि सकाळपर्यंत साठ जण आत असतात.

फोर्क आणि फूट यात फरक काय?

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही भांडणं होतात आणि प्रकल्प फुटतात. त्याला आम्ही 'फोर्क' म्हणतो. २०१० मध्ये ओपनऑफिसच्या काही मंडळींनी वेगळं होऊन लिब्रेऑफिस सुरू केलं, हे त्याचं गाजलेलं उदाहरण. पण जाताना त्यांनी सगळा कोड सोबत नेला, कारण लायसन्सने तशी मुभा होती. दोन्ही घरांना आजोबांची वही पूर्ण मिळाली.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फुटतो तेव्हा उलट होतं. माणसं नव्या ग्रुपमध्ये जातात, वही जुन्यातच राहते. याचं कारण तांत्रिक आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात. ते कंपनीच्या सर्व्हरवर वाचता येतील असे साठत नाहीत, प्रत्येकाच्या फोनमध्ये असतात. खाजगीपणासाठी हे उत्तमच आहे. पण त्यामुळे नव्या सदस्याला आधीची सगळी चर्चा आपोआप दिसत नाही. तीन वर्षांत शंभर पालकांनी फॉर्म, पुस्तकं, परीक्षा केंद्रं याबद्दल जे सांगितलं, ते नव्या ग्रुपमध्ये शून्यापासून सुरू होतं. मग तेच प्रश्न, तीच अर्धवट उत्तरं.

आता थोडं गणित. ग्रुपची खरी ताकद म्हणजे कोण कोणाला उत्तर देऊ शकतो. २०० जणांच्या ग्रुपमध्ये अशा १९,९०० जोड्या होतात. तोच ग्रुप शंभर-शंभरचा झाला की प्रत्येकात ४,९५०, म्हणजे दोन्ही मिळून ९,९००. माणसं तेवढीच राहिली, पण निम्म्या वाटा बंद झाल्या. काही जण दोन्हीकडे राहिले तर थोड्या वाटा उघड्या राहतात. म्हणूनच "दोन्हीकडे असाल तर काढून टाकू" हा नियम सगळ्यात महागात पडतो.

याची किंमत कोण मोजतं?

पुण्या-मुंबईत ग्रुप फुटला तर फारसं बिघडत नाही. तिथले पालक रविवारी बागेत भेटतात, फोनवर बोलतात. आमच्या फैजपूरसारख्या गावात तसं नाही. फैजपूर म्हणजे १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन जिथे भरलं ते यावल तालुक्यातलं गाव, चहूकडे केळीच्या बागा. तिथे माझी चुलतबहीण मुलाला घरी शिकवते. गावात असं करणारं दुसरं घर तिच्या ओळखीत नाही. "पोरगं शाळेत का जात नाही?" या प्रश्नाला ती रोज उत्तर देते. तिच्यासाठी ग्रुप म्हणजे गप्पांची जागा नाही, तो एकमेव आधार आहे.

भाचा चौदा पूर्ण झाल्यावर त्याची दहावी एनआयओएसमधून करायचं ठरलं. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. १९८९ मध्ये सुरू झालेलं हे केंद्र सरकारचं बोर्ड वर्षातून दोनदा सार्वजनिक परीक्षा घेतं. ताई दोन ग्रुपमध्ये होती, आणि दोन्ही एकाच ग्रुपमधून फुटलेले. तिचा मला फोन आला, "भाऊ, या ग्रुपवर फॉर्मची एक तारीख, त्या ग्रुपवर दुसरी. मी खरी कोणती धरू?"

आम्ही दोघांनी मिळून शोधलं. पहिल्या ग्रुपमध्ये फिरत होता तो आदल्या वर्षीच्या सूचनेचा स्क्रीनशॉट, वर्षाचा भाग कापलेला. दुसऱ्या ग्रुपमध्ये बरोबर तारीख आणि अधिकृत लिंक होती. एका सदस्याने ती माहिती पहिल्या ग्रुपमध्ये आणूनही टाकली होती. पण फॉरवर्ड करताना खाली दुसऱ्या ग्रुपची इन्व्हाइट लिंक आली, आणि अ‍ॅडमिनने नियमाप्रमाणे अख्खा मेसेज उडवला. मागे उरली 'मेसेज डिलीट केला' एवढीच ओळ. मुदतीला दोन दिवस होते, ताईचं काम झालं. पण त्याच ग्रुपमधल्या एका घराला नंतर विलंब शुल्क भरावं लागलं.

यात कोणी खोटं बोललं नव्हतं. अ‍ॅडमिनने लिंक अडवायची म्हणून तारीखही अडवली, एवढंच. कारण व्हॉट्सअ‍ॅपमध्ये अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज ठेवता येतो किंवा काढता येतो. त्यातली फक्त लिंक खोडून बाकीचा ठेवणं त्याच्या हातात नाही.

कोणत्या अ‍ॅपवर काय फरक पडतो?

*व्हॉट्सअ‍ॅप:* सदस्य मर्यादा २०१६ पासून २५६ होती, २०२२ मध्ये आधी ५१२ आणि मग १०२४ झाली. बोलणं खाजगी राहतं, पण जुनं सापडणं अवघड. अ‍ॅडमिन ठरवेल तर फक्त अ‍ॅडमिनच बोलू शकतात. डिसअपिअरिंग मेसेज चालू असतील तर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांत मजकूर जातो.

*टेलिग्राम:* ग्रुपमध्ये २ लाखांपर्यंत सदस्य चालतात. संदेश क्लाउडवर राहतात, त्यामुळे अ‍ॅडमिनने मुभा दिली तर नव्या सदस्याला जुनं सगळं वाचता आणि शोधता येतं. पण ग्रुपचे संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात. मुलांचे फोटो, आधार क्रमांक टाकायची ही जागा नव्हे.

*फेसबुक ग्रुप:* पोस्ट टिकतात, शोधताही येतात. पण वर काय दिसणार हे अल्गोरिदम ठरवतो, आणि ज्या पोस्टवर कॉमेंटांची झुंबड ती बऱ्याचदा वर राहते. तारखेची साधी पोस्ट खाली आणि भांडण वर, असं होतं ते यामुळे.

मग करायचं काय?

भांडू नका, असं मी सांगणार नाही. मतं वेगळी असतील तर ग्रुपही वेगळे असू देत. फक्त माहिती आणि मतं एकाच डब्यात ठेवू नका.

पालक असाल तर:

१. ग्रुप सोडण्याआधी 'एक्सपोर्ट चॅट' करून मजकूर उतरवून घ्या. तो आपल्यापुरता ठेवा, कारण त्यात इतरांचे नंबर आणि घरगुती गोष्टी असतात. ग्रुपमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' (२०२५ पासून आलेली सोय) चालू असेल तर एक्सपोर्ट होत नाही. अशा वेळी कामाचे मुद्दे हाताने लिहून घ्या.

२. तारीख, फी, वयाची अट यांसाठी स्क्रीनशॉट धरू नका. अधिकृत संकेतस्थळ स्वतः उघडा आणि सूचनेवरचं वर्ष आधी बघा.

३. जमलं तर दोन्ही ग्रुपमध्ये राहा. पुलाचं काम करणारी दोन-चार माणसंही पुष्कळ असतात.

अ‍ॅडमिन असाल तर:

१. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एका सामाईक डॉक्युमेंटमध्ये ठेवा. प्रत्येक ओळीपुढे ती कधी तपासली त्याची तारीख आणि मूळ अधिकृत लिंक द्या. ग्रुप फुटला तर त्याची प्रत दोघांनाही नेऊ द्या. हाच तुमचा फोर्क.

२. दुसऱ्या ग्रुपची लिंक नको असेल तर मेसेज उडवा, पण आतली कामाची माहिती आधी स्वतः टाका.

३. किमान दोन अ‍ॅडमिन ठेवा, शक्यतो वेगळ्या मतांचे. एकाचा राग दुसरा आवरतो.

आपल्या मुलाने शाळेत जावं की नाही, परीक्षा द्यावी की नाही, यावर पालक पुढची पन्नास वर्षं वाद घालतील, घालू देत. पण फॉर्मची शेवटची तारीख कोणत्याही गटाची नसते. ती दोन्ही ग्रुपमध्ये सारखीच दिसायला हवी.

तुमच्या ओळखीत असा एखादा ग्रुप चालवणारं कोणी असेल तर हा लेख त्यांना जरूर पाठवा. दोन्ही ग्रुपमध्ये पाठवलात तर आणखी छान!