खेळासाठी संगणक : बेताच्या पैशांत योग्य निवड

वार्षिक परीक्षा संपल्या, की अलीकडे पुष्कळ घरांत एक ठरावीक संवाद ऐकू येतो. "बाबा, या सुटीत खेळांसाठी चांगला संगणक घेऊ या ना!" असे मुलगा म्हणतो. "आणि अभ्यासाचे काय?" असे वडील विचारतात. आई काहीच बोलत नाही. ती मनातल्या मनात वर्षभराच्या शिलकेचा हिशेब मांडत असते. अखेर सर्वजण बाजारात जातात, विक्रेता जे पुढे करील ते पसंत करतात आणि रंगीत दिव्यांनी लखलखणारी एक पेटी घरी येते. महिन्याभरातच ध्यानात येते, की ज्या खेळासाठी एवढा हट्ट झाला, तोच अडखळत चालतो आहे. पैसा तर गेलाच, आणि वर "आम्ही सांगत होतो" हे वाक्य मुलाच्या वाट्याला आले!

वस्तुतः येथे दोष मुलाच्या हौसेचा नसतो, की वडिलांच्या काटकसरीचाही नसतो. दोष असतो तो क्रमाचा. आपण आधी यंत्र पाहतो आणि त्यावर काय चालेल ते मागाहून विचारतो. हा क्रम बदलून प्रथम खेळ, मग पडदा आणि शेवटी यंत्र असा ठेवला, तर बेताच्या पैशांतही समाधान देणारा संगणक मिळू शकतो.

प्रथम खेळ ठरवा

कोणते तीन-चार खेळ खेळावयाचे आहेत, याची यादी मुलालाच करू द्यावी. प्रत्येक खेळाचे निर्माते त्यास लागणाऱ्या यंत्राची माहिती देत असतात. तीत 'किमान' आणि 'शिफारस केलेले' असे दोन भाग असतात. 'किमान' याचा अर्थ खेळ कसाबसा चालेल एवढाच. खेळण्याचा आनंद हवा असेल, तर दुसरा भाग पाहावा. 'व्हॅलोरंट' हा खेळ साध्या यंत्रावरही सुरळीत चालतो. याउलट २०२० साली आलेल्या 'सायबरपंक २०७७' मध्ये एक अख्खे शहर प्रकाश-छायेसह रंगवावे लागते. त्यास बलवान यंत्रच हवे. मुलाच्या यादीत पहिल्या प्रकारचेच खेळ असतील, तर निम्मा प्रश्न तेथेच सुटतो.

पडद्याचे गणित

पडद्यावरील चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. नेहमीच्या १९२० × १०८० मापाच्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. २५६० × १४४० या मापात ते सुमारे ३६.९ लाख होतात, आणि 'फोर-के' पडद्यावर ८२.९ लाख, म्हणजे पहिल्याच्या चौपट! सेकंदाला ६० चित्रे दाखवावयाची, तर एक चित्र पुरे करण्यास यंत्राला जेमतेम १७ सहस्रांश सेकंद मिळतो. यास्तव बेताच्या खर्चात पहिल्या मापाचा पडदा हाच शहाणपणाचा होय.

हे ठिपके रंगविण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. खेळातील हालचालींचा आणि नियमांचा हिशेब प्रोसेसर ठेवतो. विक्रेते बहुधा प्रोसेसरचेच नाव मोठ्याने सांगतात. तथापि मोठ्या खेळांसाठी पैशाचा सर्वांत मोठा हिस्सा ग्राफिक्स कार्डावर पडावा, हे विसरू नये.

दोन टप्प्यांची खरेदी

एवढा पैसा एकदम हाती नसेल तर? मग खरेदी दोन टप्प्यांत करावी. काही प्रोसेसरांतच चित्रे रंगविण्याची बऱ्यापैकी शक्ती असते. एएमडी कंपनीचे २०२१ सालचे 'रायझेन ५ ५६००जी' आणि २०२४ सालचे 'रायझेन ५ ८६००जी' ही त्याची उदाहरणे. असा संगणक आज घेतला, तर अभ्यास आणि हलके खेळ सुरू होतात. पुढे वर्ष-दोन वर्षांनी शिल्लक साठली, की ग्राफिक्स कार्ड बसविता येते. यांतील पहिला प्रोसेसर जुन्या 'एएम ४' बैठकीचा आणि दुसरा २०२२ मध्ये आलेल्या 'एएम ५' बैठकीचा आहे. पहिला स्वस्त पडतो. दुसऱ्यात पुढे प्रोसेसर बदलण्यास अधिक वाव राहतो.

या मार्गाने जाणाऱ्यांनी तीन गोष्टी सांभाळाव्यात. १६ जीबी मेमरी ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. एकाच पट्टीवर अशा यंत्राचा वेग बराच घटतो. वीजपुरवठ्याची पेटी आणि बाहेरची पेटी भावी कार्डास पुरेल अशीच निवडावी. आणि इंटेल कंपनीच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' हे अक्षर असते, तो येथे घेऊ नये. कारण ग्राफिक्स कार्डावाचून त्याच्या यंत्रावर चित्रच उमटत नाही.

कोठे हात आखडू नये

काचेच्या भिंती आणि रंगीत दिवे यांनी खेळाचा वेग तसूभरही वाढत नाही. तेथे वाचलेला पैसा वीजपुरवठ्याच्या पेटीवर खर्चावा. आपल्याकडे अनेक गावांत विजेचा दाब वर-खाली होतो. हलकी पेटी जळताना कधी कधी शेजारचे महाग भागही घेऊन जाते. साठवणीसाठी फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी घ्यावी, म्हणजे यंत्र आणि खेळ दोन्ही लवकर सुरू होतात.

कचेऱ्यांतून निघालेले जुने संगणक स्वस्त मिळतात, आणि तोही मार्ग वाईट नाही. परंतु त्यांचा वीजपुरवठा दुर्बळ असतो. तेथे निराळी वीजतार न मागणारे, ७५ वॅटच्या आत चालणारे कार्डच शोभते. शिवाय 'विंडोज १०' चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. तेव्हा ते यंत्र 'विंडोज ११' स्वीकारते की नाही, हे आधी विचारून घ्यावे.

बाजारात जाण्यापूर्वी

दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, कोठेही जा, हातात लेखी यादी असू द्या. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव झपाट्याने चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची प्रचंड मागणी हे त्याचे मुख्य कारण. म्हणून येथे रुपयांचे आकडे दिलेले नाहीत. खरेदीच्याच आठवड्यात तीन दुकानांतून प्रत्येक भागाचा निराळा भाव लिहून घ्यावा. नुसते "ग्राफिक्स कार्ड आहे" हे पुरेसे नाही. त्याचे पूर्ण नाव हवे. जीएसटीसह पक्की पावती घ्यावी आणि तीवर प्रत्येक भागाचा क्रमांक व हमीची मुदत लिहून घ्यावी. जुने कार्ड घ्यावयाचे, तर अर्धा तास एखादा जड खेळ चालवून पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

ही सारी चौकशी मुलानेच करावी आणि तिचा हिशेब आईवडिलांपुढे मांडावा, असे आम्हांस वाटते. भाव विचारणे, गरज व हौस यांतील भेद ओळखणे आणि "हे पुढच्या वर्षी घेऊ" असे स्वतःहून म्हणणे, हाही एक अभ्यासच आहे. असा हिशेब समोर आला, म्हणजे वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच मिळते. आणि आईलाही मनातला आकडा मोकळेपणाने सांगता येतो.